लांबच्या पल्ल्यासाठी अंगाला बसणारी गाडी: आप्पासाठी शोध चालू आहे (जळगाव)

गिरणाकाठ

मंडळी नमस्कार,

जळगावात हायवेवरच्या निम्म्या शोरूममधली पोरं मला आणि आप्पाला आता ओळखायला लागली आहेत. ‘या काका, चहा सांगू का?’ इथवर ओळख झाली, पण मोटारसायकल अजून ठरत नाही. म्हणून हा धागा.

आप्पा म्हणजे शाळेपासूनचा मित्र. सावद्याकडे केळी, पन्नाशी ओलांडलेली, उंची पाच फूट चार इंच, पोट थोडं पुढे, उजवा गुडघा कुरकुरतो. कार्तिकी एकादशीनंतर वहिनींना मागे बसवून मोटारसायकलवर नर्मदा परिक्रमा करायची, असं नवरा-बायकोने ठरवून टाकलं आहे. ओंकारेश्वरला संकल्प, तिथून दक्षिण तटाने बडवानी, शहादा, प्रकाशा, पुढे गुजरात आणि मग उत्तर तटाने अमरकंटकपर्यंत चढून परत. आजूबाजूचे घाट-आश्रम धरून तीनेक हजार किलोमीटर पकडा.

सध्या आप्पाकडे धाकट्या भावाची गाडी आहे. भावाने हौसेने उंच ॲडव्हेंचर गाडी घेतली, नोकरीला पुण्याला गेला आणि किल्ली आप्पाच्या हातात ठेवून गेला. गाडीत खोट काही नाही. भाऊ पाच फूट अकरा, त्याच्या मापाची ती आहे. आप्पा मात्र सिग्नलला थांबला की डाव्या पायाचा चवडा तेवढा टेकतो, उजवा पाय लोंबकळतो. रस्त्याला उजवीकडे उतार असला की संपलंच. हँडल लांब पडतं, त्यामुळे कोपर ताठ राहतात आणि धुळ्याला जायला निघालं की पारोळा यायच्या आत खांदे भरून येतात. अंगठ्याच्या बुडाशी मुंग्या येतात ते वेगळंच. एकट्याने हे चालवून घेता येतं. मागे वहिनी आणि दोन बॅगा असताना नाही.

शोरूमला जायच्या आधी आप्पाला घरी भिंतीला पाठ लावून उभा केला. अनवाणी, पाय थोडे फाकलेले, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरायला लावलं आणि पुस्तकाची वरची कड भिंतीवर पेन्सिलीने आखली. जमिनीपासून साडेअठ्ठावीस इंच. हे माप उंचीपेक्षा जास्त कामाचं आहे, कारण सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या पायात सहज दोन इंचांचा फरक निघतो. 800 मिलिमीटरची सीट म्हणजे साडेएकतीस इंच. म्हणजे आप्पाला तीन इंच कमी. पण कागदावरची उंची रिकाम्या गाडीची असते. माणूस बसला की शॉकॲब (दणका झेलणारी स्प्रिंग) दबतो, बुटाच्या तळव्याचा इंचभर मिळतो, आणि सीट पुढे निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातात. रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि टेकायला आलेला पाय परत वर जातो. त्यामुळे माहितीपत्रकावरचा आकडा बघून कुठलीही गाडी आधीच बाद करायची नाही, असं आम्ही ठरवलं.

शोरूममध्ये एक गंमत प्रत्येक ठिकाणी दिसते. गाडी मेन स्टँडवर उभी असते, पोरगा म्हणतो ‘बसून बघा काका’. काका बसतात, आरशात बघतात, खूश होतात. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी असतं, शॉकॲब दबत नाही, तोल सांभाळायचा नसतो. त्या बसण्याला काही अर्थ नाही. आम्ही जाऊन पहिलं वाक्य म्हणतो, ‘स्टँड काढा.’ दुसरं, ‘हँडल सोडा.’ मग आप्पा गाडी दोन्ही पायांवर तोलतो, बसल्या-बसल्या पायांनी चार पावलं मागे घेतो, हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघतो. निम्म्या गाड्यांचा निकाल इथेच लागतो.

आतापर्यंत बघितलेल्या अशा:

रॉयल एनफिल्ड मीटिओर 350. सीट 765 मिमी, वजन 191 किलो, टाकी 15 लिटर. आप्पाचे दोन्ही तळवे सपाट टेकले. ‘भो, सोफ्यावर बसल्यागत वाटतंय, हीच घे’, असं म्हणून त्याने खिशात हातसुद्धा घातला होता. मी म्हटलं, आधी बांभोरीच्या पुलापर्यंत जाऊन येऊ.

हिमालयन 450. सीट 825 आणि 845 अशा दोन टप्प्यांत लावता येते, बुटकी सीट घेतली तर 805. वजन 196 किलो. चालू गाडीवर आप्पा राजा दिसत होता. पार्किंगमधून चढावर मागे घेताना मी आणि शोरूमचा पोरगा दोघे धरायला धावलो.

बजाज डॉमिनार 400. सीट 800, वजन 193 किलो. हँडल छान जवळ येतं, वारा अडवणारी काच मिळते. टाकी आणि सीटचा जोड रुंद आहे, आप्पाच्या मांड्या फाकतात, म्हणून 800 असूनही चवडेच टेकतात.

सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स. 835 मिमी ऐकूनच आप्पा उतरायला लागला होता. पण वजन 167 किलो आणि कंबर बारीक. दोन्ही चवडे नीट टेकले. वहिनींचा प्रश्न राहतो, मागची सीट उंच आहे.

होंडा हायनेस सीबी 350. सीट 800, वजन 181 किलो, टाकी 15 लिटर. दोन्ही चवडे आणि वर थोडं. टाचा अधांतरी, पण गाडी हलत नाही. क्लच इतका हलका की आप्पाने दोनदा दाबून बघितला.

आता माझं काम काय होतं ते सांगतो, कारण मित्राला बरोबर न्यायचं ते याचसाठी. ट्रायलला आप्पा पुढे आणि मी माझ्या गाडीवर मागे. चालवणाऱ्याला स्वतःची पाठ दिसत नाही. नवीन गाडीवर बसलेल्या माणसाला तर काहीच दिसत नाही, त्याच्या डोक्यात फोटो चालू असतात. मागून आणि बाजूने मला दिसतं. मीटिओरवर सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांत आप्पाची कंबर दर वेळी मागे गोल होत होती. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला तरी पायांवर भार घेऊन उठता येत नाही, सगळा दणका माकडहाडावर. त्याला विचारलं तर म्हणे ‘मस्त गेली की!’ हायनेसवर त्याच खड्ड्यांत तो आपोआप सीटवरून बोटभर उठत होता. त्यालाही ते कळलं नाही. प्रत्येक गाडीवर मी त्याचा बाजूने फोटो काढला आहे. रात्री ओट्यावर बसून ते एकापाठोपाठ एक दाखवले, तेव्हा खिशातला हात बाहेर आला.

तर प्रश्न मीटिओर की हायनेस असा आहे. बाकी काही सुचवायचं असेल तर तेही सांगा. वेग 75-80च्या वर जाणार नाही.

---

पुणेकर_झालेला_जळगावकर

एवढं मोजमाप लग्नाच्या सूटालाही करत नाहीत. 350 सीसीच्या इंजिनात दम नाही हो, जोडीने सामान घेऊन घाटात ट्रकमागे अडकाल. सरळ हिमालयन 450 घ्या, सीट बुटकी टाका, विषय संपला. सवय झाली की पाय टेकवणं वगैरे लक्षातही राहत नाही.

---

शिरपूरना_पोऱ्या

भाऊ, गाडी लेतांना डोयास्ले नका इचारा, कंबरले इचारा!

आणि बिजासणचा घाट 350ने सहज चढतो, आम्ही वर्षानुवर्षे सेंधव्याला 100 सीसीवर ट्रिपल सीट गेलो आहोत. (पोलीस वाचत असतील तर हे ऐकीव आहे.)

---

गिरणाकाठ

@पुणेकर, दमाचा मुद्दा मान्य, पण आप्पाला ओव्हरटेकचा शौक नाही. आणि खिशाचंही बघा. 22 सप्टेंबर 2025पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 28वरून 18 टक्क्यांवर आला, आणि त्यावरच्या 40 टक्क्यांत गेल्या. 450 आणि 350 यांच्यातली दरी त्यामुळे आणखी रुंदावली. त्या फरकात हेल्मेटं, जॅकेटं, बॅगा आणि अर्ध्या परिक्रमेचं पेट्रोल निघतं.

---

ठेंगणी_स्वार

अमळनेरहून. उंची पाच फूट एक. जुनी हिमालयन 411 चालवते, सीट 800, वजन 199 किलो. तोरणमाळला जाऊन आले, अजिंठा घाट तर नेहमीचा.

दोन्ही तळवे टेकलेच पाहिजेत हा आग्रह सोडा. थांबताना मी कंबर डावीकडे सरकवते, डावा पाय पूर्ण टेकतो, उजवा ब्रेकवर राहतो. थांबायची जागा आधीच हेरायची: डावीकडची जमीन उंच हवी, खडी नको. हे जमायला लागलं की 800-820 सीटची भीती जाते. त्यामुळे आप्पांना ‘तू बुटका आहेस, तुला क्रूझरच’ (म्हणजे मीटिओरसारखी पाय पुढे ठेवून बसायची बुटकी गाडी) असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

पण, आणि हा पण मोठा आहे, हे सगळं मी एकटी असताना. मागे माणूस बसलं की कंबर सरकवायची युक्ती चालत नाही. मागचा माणूस जरा हलला की वजन वरच्या वर झुकतं आणि एका पायावर ते आवरत नाही. जोडीने जायचं तर दोन्ही चवडे भक्कम टेकायलाच हवेत. हायनेसवर ते टेकतायत ना? मग बस.

आणखी एक. वहिनींना ट्रायलला नेलं का? धाग्यात त्यांचं नाव फक्त ‘मागे बसणार’ एवढंच दिसतंय. तीन हजार किलोमीटर त्याही बसणार आहेत.

---

चाळीसगावी

ठेंगणी_स्वार यांना +१. आमच्याकडे कन्नड घाटात ट्रक बंद पडला की चढावर तासभर गाडी पायावर तोलून उभं राहावं लागतं. तिथे सीसी कामाला येत नाही, पाय येतात.

---

सतराचा_पाना

भुसावळला गॅरेज आहे, म्हणून दोन शब्द.

बरेच जण उंच गाडी घेतात आणि मग माझ्याकडे येतात, ‘लिंक (मागच्या शॉकॲबला जोडणारी पट्टी) टाकून खाली करून द्या’. करता येतं, पण काय-काय होतं ते ऐका. मागून गाडी खाली आली की पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) टी-मधून, म्हणजे त्यांच्या वरच्या क्लॅम्पमधून, तेवढेच वर सरकवावे लागतात, नाहीतर हँडल जड आणि आळशी होतं. जमिनीपासूनची उंची कमी होते, आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. आणि साइड स्टँड लांब पडतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते, वाऱ्याने किंवा म्हशीच्या धक्क्याने उजवीकडे आडवी होते. स्टँड कापून वेल्डिंग करणारेही बघितलेत. वॉरंटीत असलेल्या गाडीला यातलं काही करू नका.

त्यापेक्षा कुशनवाल्याकडे जा. बहुतेक लोक फोम वरून कापायला सांगतात. वरून कापला की खालची प्लास्टिकची पाटी हाडाला लागायला लागते, शंभर किलोमीटरात रडाल. पुढच्या बाजूने दोन्ही कडा तासायला सांगा, जिथे मांड्या येतात तिथे. उंची तेवढीच राहते पण पाय सरळ खाली जातात. जुनं सीट कव्हर जपून ठेवा.

हँडलचंही तसंच. लांब वाटतं म्हणून लगेच रायझर (हँडल उचलून जवळ आणणारे तुकडे) घेऊ नका. आधी क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडं आपल्याकडे फिरवून बघा, मग क्लच-ब्रेकच्या लिव्हर मनगटाच्या सरळ रेषेत आणा. हात पुढे केला की बोटं लिव्हरवर सरळ पडली पाहिजेत, मनगट वर मोडता कामा नये. आप्पांच्या अंगठ्याच्या बुडाशी मुंग्या येतात म्हणताय, त्यातला निम्मा भाग इथलाच असणार. मागच्या ब्रेकचं पेडलही वर-खाली करता येतं. गुडघा दुखणाऱ्याने ते करून घ्यावंच, ब्रेक मारायला पाय उचलावा लागता कामा नये. हे सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि शंभरातले नव्वद लोक कंपनीने जसं दिलं तसंच वर्षानुवर्षे चालवतात.

---

हाडवैद्य_नव्हे

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून हे नाव.

धागाकर्त्याने मागून जे बघितलं ते अगदी बरोबर आहे. आपण ताठ बसतो तेव्हा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. पाय पुढे गेले की ओटीपोटाचा सांगाडा मागे कलंडतो, कंबरेचा बाक जातो आणि भार माकडहाडाकडे सरकतो. गुळगुळीत रस्त्यावर हे आरामाचं वाटतं, अगदी शोरूममध्ये तर फारच. दणके बसायला लागले की मणक्यांमधल्या चकत्यांवर सरळ जातं.

पण गुडघ्याची बाजूही बघा. गुडघा जितका जास्त मोडलेला, तितका वाटीवर दाब. कुरकुरणाऱ्या गुडघ्याला मीटिओरची बैठक बरी, कारण पाय मोकळा राहतो. म्हणजे आप्पांचा गुडघा एक गाडी मागतोय आणि कंबर दुसरी.

यावर माझं मत: गुडघा आखडला तर तासाभराने उतरून चार पावलं चालता येतं, मोकळा होतो. कंबरेला बसलेला दणका उतरल्यावर परत घेता येत नाही. पाच फूट चार इंचाच्या माणसाचा गुडघा हायनेससारख्या मधल्या फूटरेस्टवर फार मोडतही नाही, ती तक्रार सहा फुटी लोकांची. एकदा अर्धा तास सलग बसून बघायला सांगा. पाच मिनिटांच्या ट्रायलमध्ये गुडघा काही बोलत नाही.

---

सहा_फुटी

सहा फुटी लोकांची तक्रार इथे हजर आहे. नंदुरबारहून. भावाची उंच गाडी विकायची आहे का? कागदपत्रं कुणाच्या नावावर आहेत? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. @सहा_फुटी, गाडी भावाच्याच नावावर आहे, त्याला विचारून कळवतो. व्यनि केला आहे.

आता ताजी खबर. ठेंगणी_स्वार यांचा प्रतिसाद आप्पाने घरी मोठ्याने वाचून दाखवला. वहिनी म्हणाल्या, ‘बघा, परक्या बाईला कळतं.’ दुसऱ्याच दिवशी त्या आमच्याबरोबर शोरूमला हजर. पंजाबी ड्रेस, पायात बूट, हातात स्वतःचं हेल्मेट.

वहिनींची तपासणी आमच्यापेक्षा कडक निघाली. आधी चढणं. डावा पाय फूटरेस्टवर, आप्पाच्या खांद्यावर हात, उजवा पाय पलीकडे. व्ही-स्ट्रॉमवर पाय पलीकडे टाकताना त्या मध्येच अडकल्या आणि आप्पासकट गाडी डोलली. ‘हिच्यावर घाटावर-घाटावर उतरचढ करायची? दिवसातून वीस वेळा?’ झालं, व्ही-स्ट्रॉम बाद. मग त्यांनी हँडलसारखं धरायला काय आहे ते बघितलं. साइडला पकडायची दांडी हवी, पाठीमागे असेल तर हात मागे ओढून खांदा दुखतो, हे मला आजवर सुचलं नव्हतं. मग साडीगार्ड आहे का, ओढणी चाकात जाईल का. मग सायलेन्सर: ‘उतरताना पोटरी भाजणार नाही ना?’ सेल्समनला बोलायला वेळच मिळाला नाही.

मीटिओरच्या मागच्या सीटवर बसून म्हणाल्या, ‘चढायला चांगली आहे, पण मी सारखी मागे सरकल्यासारखी वाटते.’ हायनेसवर बसल्या आणि दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. आप्पा घाबरून मागे वळून बघायला लागला. ‘चालू करा ना, बसलेय मी’, एवढंच.

शोरूमवाल्याने अर्धा तासाची ट्रायल द्यायला आधी का-कू केली, ‘साहेब, दोन किलोमीटरच अलाउड आहे’ वगैरे. वहिनींनी सांगितलं, ‘दोन किलोमीटरमध्ये आम्ही ओंकारेश्वरला पोचत नाही.’ मॅनेजर हसला आणि किल्ली दिली. मग जोडीने बांभोरी, पाळधी, तिथून परत. मी मागे. रस्ता चांगला असताना काय, कुठलीही गाडी चांगलीच दिसते. मी बघत होतो ती सर्व्हिस रोडला, उखडलेल्या तुकड्यावर आणि यू-टर्नला. यू-टर्नला आप्पाचे दोन्ही पाय फूटरेस्टवर होते. जुन्या गाडीवर तो यू-टर्नला दोन्ही पाय खाली सोडून जायचा, हे मी वर लिहायचं राहून गेलं होतं.

परत आल्यावर हाडवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे गुडघ्याला विचारलं. गुडघा म्हणे ठीक आहे. मान मात्र थोडी आखडली, वारा छातीवर येतो.

---

पुणेकर_झालेला_जळगावकर

वहिनींना दंडवत. 450चा मुद्दा मागे घेतो. वाऱ्यासाठी काच लावून घ्या, पण फार उंच नको. वाऱ्याची धार नेमकी हेल्मेटवर आली तर डोकं हलत राहतं, त्यापेक्षा छातीपर्यंतची छोटी काच बरी. बसल्यावर काचेच्या वरून रस्ता दिसला पाहिजे, काचेतून नाही. किडे आणि धूळ बसली की रात्री समोरच्या दिव्यांनी काहीच दिसत नाही.

---

नर्मदे_हर_शहादा

प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर आलात की कळवा, परिक्रमावासींची सोय आमच्याकडे गावोगावी होते. जेवणाची काळजी करू नका, भाकरी-शेवभाजी तयार असते.

रस्त्याचं सांगतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता आप्पांना सावद्यापासूनच ओळखीचा आहे, त्यामुळे त्याबद्दल मी नवीन काय सांगणार. ऊस आणि केळीच्या गाड्या, रात्री दिवा नसलेले ट्रॅक्टर. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. पेट्रोलची चिंता नाही: 15 लिटरची टाकी आणि पस्तीसची सरासरी धरली तरी पाचशेच्या आसपास निघतं. दोन्ही चाकं ट्यूबलेस असतील तर पंक्चरची काडी आणि छोटा पंप बरोबर ठेवा. गावात पंक्चरवाला मिळतो, पण गाडी ढकलत नेताना मागे बसणाऱ्याला पायी चालावं लागतं.

नर्मदे हर.

---

ठेंगणी_स्वार

वहिनी, तुम्ही भारी! अवांतर: त्यांना एकदा गाडी चालवायलाही द्या. जोडीने लांब जाताना मागच्याला निदान गाडी स्टँडवर लावता, बंद करता यायला हवी. आप्पांच्या पायात गोळा आला तर?

---

शिरपूरना_पोऱ्या

गाडी ठरनी का मंग? पेढा कधी?

---

गिरणाकाठ

ठरली. हायनेस. टोकन दिलं. रंगावरून नवरा-बायकोत अजून वाद चालू आहे, त्यात मी पडत नाही.

@सतराचा_पाना, गाडी हातात आली की तुमच्याकडे भुसावळला आणायचा विचार आहे. हँडल, लिव्हर आणि ब्रेकचं पेडल आप्पाच्या मापाने लावून द्याल का? आणखी काय करून घ्यावं?

---

सतराचा_पाना

या की. पण एकटे आप्पा आणि रिकामी गाडी आणू नका. वहिनींना घेऊन या, आणि परिक्रमेला ज्या बॅगा नेणार त्या भरून आणा. कपडे, औषधं, पाण्याच्या बाटल्या, सगळं. दोघं बसून सामान लावलं की मागची बाजू दबते आणि पुढचा दिवा वर जातो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. तो खाली करावा लागतो. चाकातली हवा दोघांसाठी वेगळी असते, आकडे गाडीवरच्या स्टिकरवर असतात, एकट्याच्या हवेवर दोघं गेलात तर टायरच्या कडा झिजतात आणि गाडी वळणावर पोहल्यासारखी वाटते. साखळीचा ढिलेपणाही एकदा वजन ठेवून बघायचा. फार ताणलेली साखळी खड्ड्यात बेअरिंगला खाते.

लिव्हर लावताना आप्पांनी नेहमीचे हातमोजे घालून यावं. आणि बूट तेच, जे परिक्रमेत घालणार.

---

गिरणाकाठ

आणतो. बॅगा भरायचं काम वहिनींनी आजच सुरू केलं आहे, त्यामुळे वजन जरा जास्तच निघेल असं धरून चाला. आप्पा विचारतोय, गॅरेज रविवारी दुपारी उघडं असतं का?

---

सतराचा_पाना

रविवारी बारापर्यंत. लवकर निघा, येताना वरणगावकडचा रस्ता धरू नका, सरळ या.